थांब. येतोय.

पान उलटणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. बघितलंच, तर समजावं की तिचं काहीतरी चुकलंय. बावीस वर्षं मी हे काम करते आहे. पियानोच्या डाव्या अंगाला एक बिनहाताची खुर्ची असते, तिच्यावर मी. वाजवणारी माझी वहिनी. तिने मान हलवली की उठायचं, डाव्या हाताने कागदाचा वरचा कोपरा धरायचा, उलटायचं आणि बसायचं. बाही लोंबती नको, अत्तर नको, अंगावर वाजणारं काही नको. पायाने ठेका धरायचा नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण त्या आपल्यासाठी नसतात आणि आपण श्रोतेही नसतो. सगळ्यात मोठा नियम माझ्या दादाने घालून दिलेला होता: पान उलटणाऱ्याने मत द्यायचं नाही. 'तुला काय वाटतं ते घरी जाऊन आरशाला सांग,' असं तो म्हणायचा. मला मतं फार आहेत, त्यामुळे हा नियम खास माझ्यासाठीच केलेला होता.

दादा व्हायोलिन वाजवायचा. आमच्या घरात हे खूळ त्यानेच आणलं. त्याच्या नादाने मीही तीन वर्षं पियानो शिकले. तिसऱ्या वर्षी बाईंनी आईला बोलावून सांगितलं, 'मुलीला नोटेशन वाचता छान येतं. वाजवायचं मात्र तुम्ही फारसं मनावर घेऊ नका.' आईने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. पुढे मी पुस्तकबांधणीत शिरले. एका जुन्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर बांधणीची खोली आहे, तिथे तीस वर्षं मी फाटकी पुस्तकं शिवते, त्यांच्या पाठीला खळ लावते आणि दाबाखाली ठेवते. वहिनी आधी माझी मैत्रीण. पियानोच्या वर्गात माझ्यानंतरचा तास तिचा असायचा. मी तिला एकदा घरी आणलं आणि दादाने तिला ठेवूनच घेतलं. तेव्हापासून ती मला चिडवायला 'वन्सं' म्हणते आणि मी सूड म्हणून तिला 'वहिनी'. एरवी आमचं अगं-तुगंच.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. मंगळवारी सकाळी दाढी करत होता, अर्धी झाली होती. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, लिहायला बसले की हात थांबतो.

त्याची मुलगी भिंगरी. हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे, पण लहानपणी एका जागी पाच मिनिटं टिकायची नाही म्हणून पडलं ते पडलं. आता अठ्ठावीस वर्षांची आहे आणि व्हायोलिन हातात असेपर्यंत एका जागी उभी राहते. बापाहून चांगली वाजवते. हे मत मी आरशालाही सांगितलेलं नव्हतं.

तर त्या सोनाट्याबद्दल. व्हायोलिन आणि पियानो या दोघांसाठीच लिहिलेली ती तीन भागांची लांबलचक रचना. दादा-वहिनी ती दर वर्षी कुठे ना कुठे वाजवायचे. पियानोची नोटेशनची वही मी तीनदा नव्याने बांधून दिली आहे, कुठल्याही पानावर उघडा, चपातीसारखी सपाट पडते. तिच्या दुसऱ्या, संथ भागात एक जागा आहे. व्हायोलिन खालून सावकाश चढत येतं आणि एकदम फार उंच सुरावर जातं. त्या उंच सुराबरोबरच पियानोचे पाच सूर एकत्र पडायचे असतात. छापील कागदावर मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. पण दादा तिथे थांबायचा. फार नाही, एखादा उसासा टाकावा इतकंच. वहिनीने पुढे निघू नये म्हणून त्याने त्या जागेवर पेन्सिलीने, आपल्या गिचमिड अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'थांब. येतोय.' शेवटाकडे तीच जागा पुन्हा येते. तिथे लिहिलं होतं, 'परत थांब.'

लोकांना तो विराम फार आवडायचा. एका समीक्षकांनी तर लिहिलं होतं की त्या एका विरामात कलावंताने उभं आयुष्य साठवलं आहे. हे वर्तमानपत्र दादाने जेवताना वाचलं आणि त्याला असा ठसका लागला की वहिनीला उठून त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. आम्ही दोघी हसलो. तो का ठसकला हे मला एकटीलाच ठाऊक आहे, असं मी पुढची कित्येक वर्षं धरून चालले होते.

दादा ज्या संगीतशाळेत शिकवायचा, तिथल्या लहान सभागृहात या वर्षी मायलेकींनी वाजवावं असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं. रविवारी दुपारी चार वाजता. सोनाटा अर्थातच तोच. दादा गेल्यावर वहिनीने सहा महिने पियानोचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं, तेव्हा ती हो म्हणाली याचाच मला आनंद. तालमी सुरू झाल्या. पहिला भाग उत्तम, तिसरा भाग उत्तम, आणि दुसऱ्या भागात ती जागा आली की गाडी रुळावरून खाली.

कारण भिंगरीला थांबायची गरजच नव्हती. तिचं बोट सरळ त्या उंच सुरावर जाऊन बसायचं. आणि वहिनी थांबायची. त्यामुळे व्हायोलिनचा सूर एकटाच हवेत लटकायचा आणि पियानोचे पाच सूर मागून यायचे, पाहुणे हात धुऊन उठल्यावर भात वाढायला यावं तसे.

'आई, पुन्हा.'

'हो, पुन्हा.'

बुधवारी हे सात वेळा झालं. मी मोजत होते, मला दुसरं काय काम? सातव्या वेळी भिंगरीने व्हायोलिनचा गज खाली घेतला.

'आई, तू कोणाबरोबर वाजवतेयस?'

'म्हणजे काय? तुझ्याबरोबर.'

'माझ्याकडे बघतेस तरी का? अख्खा सोनाटा पाठ आहे तुला, झोपेत वाजवशील. तरी डोळे कागदात. तू नोटेशन वाचतच नाहीयेस. तू बाबांना वाचतेयस.'

'सवय आहे गं. इतक्या वर्षांची.'

'मग सवयीबरोबरच वाजव.' भिंगरीचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. 'रविवारचं मी कबूल केलंय ते करीन. पण रविवारीही ती जागा अशीच गेली, तर पुढे मी दुसऱ्या कोणाबरोबर तरी वाजवीन. एकाने विचारलंय मला. चांगला पियानिस्ट आहे. सोमवारी त्याला काय ते सांगायचंय.'

वहिनीने पियानोच्या पट्ट्यांवरची न दिसणारी धूळ पुसली आणि झाकण लावलं. तिने दादाशिवाय आणि त्याच्या लेकीशिवाय कोणाबरोबर कधीच वाजवलेलं नाही. भिंगरी गेली की त्या पियानोवर कापड पडणार आणि ते पुन्हा निघणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मला भिंगरीचा राग आला, मग वहिनीचा आला, आणि जिना उतरताना अर्धी दाढी करून निघून गेलेल्या दादाचाही आला. घरी जाऊन मी आरशाला बरंच काही सुनावलं.

गुरुवारी दुपारी भिंगरी माझ्या बांधणीच्या खोलीत हजर. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली, माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं आणि मग मुद्द्यावर आली.

'आत्या, तुझ्याकडे ते मऊ खोडरबर आहे ना? कागद न खरवडणारं?'

'आहे. का?'

'ते दोन शब्द पुसून टाक ना.'

माझ्या हातात सुई होती ती तशीच राहिली. 'काय बोलतेयस कळतंय का तुला? तुझ्या बापाचं अक्षर आहे ते!'

'म्हणूनच. ते दिसलं की आई थांबते. तिथे थांबायचं काही कारणच नाहीये गं. छापलेलंही नाही. बाबांना वाटलं म्हणून ते थांबले, त्यांचं ते बरोबर. मला नाही वाटत तसं.'

इथे माझ्या तोंडाचं कुलूप सुटलं. पन्नास वर्षं लावलेलं होतं.

'वाटलं म्हणून?' मी म्हणाले. 'अगं, वाटलं-बिटलं काही नाही. मी सात वर्षांची होते, तो नऊ. खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडण झालं आणि मी रागाने दार आपटलं. मध्ये त्याचा हात होता. डाव्या हाताची करंगळी. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. ती कधी पुरती ताणलीच गेली नाही. तो वरचा सूर सगळे करंगळीने घेतात ना? याला सबंध हात उचलून वर न्यावा लागायचा. त्याला वेळ लागायचा, म्हणून तो थांबायचा. उभं आयुष्य नाही नि काही नाही. माझं दार होतं ते.'

माझं अजून संपलं नव्हतं.

'आणि घरी काय सांगितलं त्याने? वाऱ्याने दार लागलं. कळवळत होता, बोट निळं पडलेलं, आणि आईला सांगतोय वाऱ्याने लागलं. त्या दिवशी वारा नव्हताच.'

भिंगरी स्वतःच्या करंगळीकडे बघत बसली. 'मला सारखे ओरडायचे,' ती म्हणाली. 'करंगळी वापर, करंगळी वापर. मला वाटायचं, किती छळतात.' मग तिने डबा झाकला, मला उगाचच मिठी मारली आणि खोडरबर न नेता निघून गेली. तेवढं एक टळलं, असं मला वाटलं.

शनिवारी आम्ही दुपारी एकला खोली बंद करतो. पावणेएकला वहिनी आली. काखेत ती वही. माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, 'वन्सं, ते खोडरबर कुठे असतं तुझं?'

मी नुसतीच बघत राहिले.

'अशी बघू नकोस. दे.'

'वहिनी, मी देणार नाही.'

'मग मी घरच्या खोडरबराने पुसते. कागद फाटला तर मग तूच चिकटवायला बसशील.'

हे म्हणजे अगदी वर्मावर बोट. मी खोडरबर दिलं. तिने वही उघडली, सातवं पान काढलं. खिडकीतून उजेड पडत होता तिथे वही सरकवली आणि 'थांब. येतोय.' या अक्षरांकडे बघत जरा वेळ उभी राहिली. मग पुसायला लागली. एका दिशेने, हलक्या हाताने, जसं मीच तिला कधीतरी शिकवलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत दादाचं अक्षर फिकं होत गेलं. मला तिच्या हातातून वही हिसकावून घ्यावीशी वाटत होती. माझ्या भावाचं होतं ते, तिच्या नवऱ्याच्या आधी माझ्या भावाचं. पण मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

'दोन वर्षं मी थांबलेच आहे गं,' वहिनी मान वर न करता म्हणाली. 'रोज तिथे आले की वाटतं, आता येईल. तो येतोय म्हणून लिहून गेलाय ना. आणि पोर तिकडे सूर धरून एकटी उभी. तिला किती वेळ एकटी ठेवू?'

तिने अकराव्या पानावरचं 'परत थांब'ही पुसलं. खोडरबराचा भुगा तळहातावर गोळा केला, टाकायला टोपली समोर असताना टाकला नाही, रुमालात बांधला.

'उद्या मी थेट जाणार आहे. तिला सांगू नकोस. तिचं तिला कळू दे. शपथ घे.'

'मी कशाला सांगते? पान उलटणाऱ्याने बोलायचं नसतं,' मी म्हणाले. रागातच म्हणाले.

रविवार उजाडला. सभागृह लहान, सव्वाशे खुर्च्या, त्यातल्या शंभर तरी भरलेल्या. तिसऱ्या रांगेत ते उभं-आयुष्यवाले समीक्षक छाती पुढे काढून बसलेले. पहिल्या दहा मिनिटांत ते झोपतात, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. मंचामागच्या अरुंद बोळात आम्ही तिघी. वहिनी पुढे, तिच्यामागे भिंगरी, शेवटी वही घेऊन मी. वहिनीची बोटं गार पडलेली, ती एकमेकांवर चोळत होती. दार उघडलं, ती निघाली. आणि भिंगरी वळून माझ्या कानाशी आली.

'आत्या, मी आज तिथे थांबणार आहे. बाबांइतकंच. बाबांचं बोट पोचत नव्हतं तेव्हा आई थांबली ना? आता आईचं पोचत नाही, तर मी थांबते. तिला बोलू नकोस हां, नाहीतर ती विचार करत बसेल.'

आणि गेलीसुद्धा. टाळ्या सुरू झाल्या.

एक थांबणारी आज निघणार होती आणि एक निघणारी आज थांबणार होती, आणि हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. दारापासून पियानोपर्यंत बारा पावलं. बारा पावलांत भिंगरीची बाही ओढून 'अगं, ती पुसून आलीय' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. शपथ होती, नियम होता, लोक बघत होते. पण खरं सांगायचं तर कारण वेगळं होतं. भिंगरी थांबणार म्हटल्यावर मला तो विराम पुन्हा ऐकायचा होता. दादाचा विराम. आणि वहिनीने तो पुसला याचा राग माझ्या पोटातून गेलेला नव्हता. इतकी साधी आणि इतकी वाईट गोष्ट होती ती.

पहिला भाग छान झाला. समीक्षक झोपले. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये वहिनीने रुमालाने हात पुसले, तोच रुमाल. मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी ते मिटलं. बावीस वर्षांत मंचावर मी तोंड उघडलं नव्हतं, तिला वाटलं असणार मला जांभई येतेय.

दुसरा भाग सुरू झाला. सहावं पान, सातवं पान. व्हायोलिन खालून चढायला लागलं. कागदावर ती जागा कोरी दिसत होती, आजूबाजूच्या जुन्या कागदाहून जरा उजळ.

वहिनीचे पाच सूर पडले. स्वच्छ, वेळेवर, एकटे. वर काहीच नव्हतं. भिंगरीचा गज तारेच्या वर अर्ध्या बोटावर थांबलेला. मग तिचा सूर आला, तोवर वहिनी पुढच्या सुरावर पोचली होती. वहिनी दचकून मागे राहिली, भिंगरी घाईने पुढे आली, दोघी पुन्हा चुकल्या. दारात दोन माणसं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत अडकतात ना, अगदी तसं. दोन ओळी नुसता गोंधळ. तिसऱ्या रांगेत समीक्षकांनी डोळे उघडले.

त्यानंतर जे झालं ते श्रोत्यांतल्या कोणाला दिसलं नसेल, मला हातभरावरून दिसलं. वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आधी तिला वाटलं असणार पोरीचं चुकलं. मग तिला कळलं की ती थांबली होती. कोणासाठी थांबली होती तेही कळलं. तिने कागदावरून डोळे उचलले आणि भिंगरीकडे बघितलं. भिंगरी आधीच तिच्याकडे बघत होती, भुवया वर करून, लहानपणी दूध सांडल्यावर बघायची तशी.

आठव्या पानाला वहिनीची मान हलायला उशीर झाला. दहाव्याला तर मी अर्धी उठून ताटकळत राहिले. ती वहीत बघतच नव्हती. बघत होती भिंगरीच्या कोपराकडे, खांद्याकडे, गजाच्या टोकाकडे. सूर मात्र एकही चुकला नाही. पाठच होते सगळे.

मग अकरावं पान आलं. पुन्हा तीच जागा, आणि इथे ती नेमकी पानाच्या तळाशी आहे. ते पाच सूर पलीकडच्या पानावर. दादाच्या वेळी ही माझी सगळ्यात सोयीची जागा होती. तो थांबायचा, वहिनी मान हलवायची, मी आरामात उलटायची. आता व्हायोलिन चढत होतं आणि मला काहीच माहीत नव्हतं. वहिनी निघेल का थांबेल? भिंगरी थांबेल का निघेल? त्या दोघींनाही माहीत नव्हतं. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

व्हायोलिन खालच्या शेवटच्या सुरावर आलं आणि सभागृहात शांतता झाली. वहिनीचे हात पट्ट्यांच्या वर तरंगत होते. तिची मान हलली नाही, ती माझ्याकडे नव्हतीच. ती आपल्या मुलीकडे बघत होती आणि मुलगी तिच्याकडे. दादाच्या विरामापेक्षा ही शांतता लांब होती की आखूड, मला सांगता येणार नाही, आणि मी तो वीस वर्षं मोजलेला आहे. मी उठले आणि पान उलटलं. कोणी न सांगता, जन्मात पहिल्यांदा.

भिंगरीने नाकाने श्वास घेतला. वहिनीचे खांदे त्याच श्वासाबरोबर वर झाले. आणि तो उंच सूर आणि ते पाच सूर एकदम पडले, एका माणसाने टाकावेत तसे.

मला रडू आलं. पान उलटणाऱ्याने रडायचं नाही असा काही नियम दादाने केला नव्हता, तेव्हा मी खुशाल रडले. फक्त नाक ओढलं नाही, कारण तिसरा भाग लगेच सुरू होतो.

मंचामागे आल्यावर दार लागायच्या आतच दोघींनी एकमेकींना धरलं.

'तू का थांबलीस?' 'तू का निघालीस?' 'मी तुझ्यासाठी निघाले, त्याचं लिहिलेलं पुसून आले!' 'मी तुझ्यासाठी थांबले!' दोघी एकदम बोलत होत्या आणि हसत होत्या. मग भिंगरी म्हणाली, 'आई, तुला माहितीय का बाबा का थांबायचे? त्यांची करंगळी...'

'मला काय नवीन सांगतेस? लग्नाआधीच सांगितलं होतं त्याने.' वहिनीने डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. 'दार कोणी लावलं तेही.'

'आणि तू मला कधी बोलली नाहीस?' मी विचारलं.

'तो म्हणाला होता, तिला कळलं की मला माहितीय, तर ती आपल्या घरी जेवायची थांबेल.'

हे खरं होतं. मी थांबलेच असते. मी व्हायोलिनच्या पेटीशेजारी बाकावर बसले. तेवढ्यात भिंगरीच्या डोक्यात प्रकाश पडला.

'एक मिनिट. आत्या, आई पुसून आलीय हे तुला माहीत होतं?'

मी पेटीची कडी लावायला लागले.

'आणि ही थांबणार आहे हे तुला माहीत होतं?' वहिनीने विचारलं.

'पान उलटणाऱ्याने बोलायचं नसतं,' मी म्हणाले.

मग मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून मुख्याध्यापिका आत डोकावल्या आणि तशाच परत गेल्या. मी वहिनीची आणि भिंगरीची, दोघींचीही माफी मागितली. खरं कारण मात्र सांगितलं नाही. ते आज इथे पहिल्यांदा सांगते आहे.

सोमवारी भिंगरीने त्या पियानिस्टला फोन केला. काय बोलली मला माहीत नाही. पण मंगळवारी चार वाजता वहिनीच्या घरी ती व्हायोलिनची पेटी घेऊन आली आणि म्हणाली, 'दुसरा भाग, पहिल्यापासून.' मी माझ्या खुर्चीवर बसले. सातवं पान आलं, ती जागा आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पार केली. रविवारसारखी नाही, जरा वेगळी, बहुतेक जरा लवकर. भिंगरी खूश झाली. तिने पियानोवरची पेन्सिल उचलली.

'आई, असंच ठेवू या का? लिहून ठेवते, म्हणजे लक्षात राहील.'

वहिनीने वहीवर तळहात ठेवला.

'नको, लिहू नकोस,' ती म्हणाली. 'लिहिलंस की मी तेच वाचत बसेन, आणि तू राहशील उभी.'

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. वहिनीने हात उचलला. खिडकीतून चारचं ऊन तिरपं येत होतं, आणि तिरप्या उजेडात पुसलेलं अक्षर वाचता येतं, हे बांधणी करणाऱ्यांना ठाऊक असतं. पेन्सिल जाते, तिचा दाब कागदात राहतो. दादा फार दाबून लिहायचा. कोऱ्या जागेत मला सगळं दिसत होतं, गिचमिड, एकेक अक्षर. वहिनीला दिसत नव्हतं. ती भिंगरीकडे बघत होती.

तिची मान हलली. मी काही बोलले नाही. उठले आणि पान उलटलं.